वाशिमला बदली झाली? जेवणाचं असं जमवा

बदल्यांचे आदेश निघाले की वाचकांचा एक प्रश्न हमखास येतो. ‘वाशिमला रुजू झालोय, खोलीही मिळाली. जेवणाचं काय करू? आणि इथलं खास असं काय आहे, ते कुठे मिळेल?’ विचारणारे कधी बँकेतले असतात, कधी शाळेतले, कधी महसूल किंवा कृषी खात्यातले. मोबाइलवर शोधलं तर तेच ते ढाबे आणि फास्ट फूडची दुकानं दिसतात, अशी सगळ्यांची तक्रार असते. महिनाभर बिस्किटं आणि पनीरची भाजी खाऊन मंडळी कंटाळतात आणि ‘इथे खायला काहीच नाही’ असा निकाल देऊन मोकळी होतात.

हा निकाल घाईचा आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस आणि संत्र्यावर जगतो. बाहेर जाऊन जेवण्याची सवय इथे बेताचीच आहे. त्यामुळे चांगलं खाणं हॉटेलच्या पाटीवर क्वचितच सापडतं. ते सकाळी आठला गाडीवर असतं, बाजाराच्या दिवशी टोपलीत असतं, हंगामात शेतावर असतं आणि भागवत सप्ताहाच्या शेवटी पंगतीत असतं. म्हणून ‘कुठे मिळतं’ याच्या आधी ‘केव्हा मिळतं’ हे विचारायला शिका.

आधी रोजचं ताट लावून घ्या

चवीचा शोध भरल्या पोटी करावा. पहिल्या आठवड्यात रोजच्या दोन वेळांची सोय लावा. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत.

१. मेस किंवा खानावळ. एकट्या माणसाला सर्वांत सोयीची. पण महिन्याचे पैसे आगाऊ देण्याआधी दोन-तीन दिवस रोख पैसे देऊन जेवून बघा. शक्यतो एकदा दुपारी आणि एकदा रात्री उशिरा जा. उशिरा येणाऱ्याला काय वाढतात, त्यावरून मेसची खरी पारख होते. मग हे प्रश्न विचारा:

- खाडा धरता का? किती दिवस आधी सांगावं लागतं? सलग किती दिवस गैरहजर राहिलं तर पैसे वळते होतात?
- आठवड्यातली सुट्टी कोणत्या वेळेला असते?
- भाकरी कोणत्या दिवशी असते? ज्वारीची की बाजरीची?
- एकादशी, चतुर्थीला उपवासाचं मिळतं का?
- सणावाराला आणि लग्नसराईत मेस बंद राहते का?

खाड्याचा हिशेब तोंडी ठेवू नका. एका छोट्या वहीत किंवा व्हॉट्सअॅपवर तारखेसह लिहून पाठवा. मेसशी होणारी बहुतेक भांडणं भाजीवरून होत नाहीत, खाड्यावरून होतात.

२. घरगुती डबा. चव घरची असते, तिखट-तेल सांगून कमी करता येतं. अडचण वेळेची असते. तुमची नोकरी फिरतीची असेल, आज रिसोड उद्या मानोरा असं असेल, तर डबा दारात तसाच पडून राहतो. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, तेव्हा दुपारी आलेला डबा संध्याकाळी खाऊ नका.

३. खोलीवर स्वयंपाक. जुन्या गावची गॅसजोडणी असेल तर तिथे सिलिंडर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या आणि वाशिमच्या वितरकाकडे द्या. तोवर पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही. अन्नसुरक्षा योजनेतलं रेशनकार्ड असेल तर ‘एक देश एक रेशनकार्ड’ सोयीमुळे इथल्या रेशन दुकानातही आधार पडताळणीवर धान्य मिळतं. कार्ड लगेच बदलून घ्यावं लागत नाही.

बहुतेकांना मिश्र सोय परवडते. दुपारी मेस, रात्री खोलीवर खिचडी किंवा पिठलं. ज्यांना दोन्ही वेळा बाहेरच जेवायचं आहे त्यांनी एक मेस आणि एक पर्याय असं ठरवून ठेवावं, म्हणजे सुट्टीच्या रात्री धावपळ होत नाही.

सकाळ चुकवू नका

वऱ्हाडातलं बाहेरचं खाणं सकाळी सर्वांत चांगलं असतं. बसस्थानक, बाजार समिती, तहसील आणि न्यायालयाच्या आसपास सातपासून कढया तापतात. अकराच्या पुढे गेलात तर उरलंसुरलं मिळेल.

- आलूबोंडा-रस्सा: मुंबईचा बटाटावडा पावात जातो, इथला रश्शात बुडतो. बोंडा कुस्करून वर पातळ, झणझणीत रस्सा, कांदा आणि शेव. तिखट सोसत नसेल तर ‘तर्री कमी टाका’ असं आधीच सांगा.
- पोहे: साधे आणि तर्रीचे, दोन्ही मिळतात. तर्री म्हणजे रश्शावरचा तेल-तिखटाचा तवंग.
- कचोरी आणि समोसा: शेगावची कचोरी शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातली, पण साऱ्या वऱ्हाडात चालते. इथे समोसाही अनेकदा रश्शासोबत देतात.
- साबुदाण्याची उसळ: तुम्ही जिला साबुदाण्याची खिचडी म्हणता तीच. उपवासाच्या दिवशी गाडीवर सहज मिळते.

गाडी निवडताना गर्दी बघा, पण कोणाची गर्दी तेही बघा. रोज येणारे हमाल, रिक्षावाले, कचेरीतले शिपाई जिथे उभे आहेत तिथे माल ताजा असतो, कारण हे गिऱ्हाईक शिळं खाऊन दुसऱ्या दिवशी परत येत नाही. कढईतलं तेल काळं, दाट आणि फेसाळ दिसलं तर पुढच्या गाडीवर जा.

उकडपेंडी मात्र गाडीवर शोधू नका. कणीक भाजून, फोडणी देऊन केलेला हा नाश्ता घरातच होतो. मेसवाल्या काकूंना सांगून ठेवलंत तर एखाद्या रविवारी मिळूनही जाईल.

बाजारात जाण्याआधी हे शब्द माहीत असू द्या

पुण्या-मुंबईहून किंवा कोकणातून आलेल्यांची पहिली गडबड भाजीवाल्यासमोर होते. एवढे शब्द पुरतात:

- सांबार: कोथिंबीर. इडलीबरोबरचं सांबार नव्हे.
- भेदरं: टोमॅटो.
- फल्ली: भुईमुगाची शेंग. फल्लीतेल म्हणजे शेंगदाण्याचं तेल.
- बरबटी: चवळीची शेंग.
- सोले: ओल्या तुरीचे हिरवे दाणे.
- पोपटीच्या शेंगा: वालाचा एक प्रकार.
- काटवल किंवा कटुले: करटोली.
- चिकोल्या: वरणफळं.
- गावरानी: स्थानिक वाणाचं. कोंबडी, अंडी, सांबार, टोमॅटो सगळ्यालाच लागतं आणि भावही त्याचा जास्त असतो.

आठवडी बाजाराचा वार पाठ करा

प्रत्येक तालुक्याचा आणि मोठ्या गावाचा बाजाराचा वार वेगळा असतो. रुजू झाल्याच्या दिवशीच किराणा दुकानदाराला तुमच्या गावाचा आणि आसपासच्या दोन गावांचा वार विचारून घ्या. नंतर हे करून बघा:

- बाजाराच्या एका टोकाला शेतातून आणलेल्या भाजीचे छोटे ढीग घेऊन बायका बसतात. घोळ, चिवळ, अंबाडी, जवस, मुगवड्या त्यांच्याकडेच मिळतात. आधी तिथे जा, मोठ्या दुकानांकडे नंतर वळा.
- ‘मावशी, ही कशी करायची?’ एवढं विचारा. पाककृती फुकट मिळते आणि पुढच्या वेळी ओळखही राहते.
- जवस घेतलंत तर थोडं भाजून लसूण, तिखट, मीठ घालून कुटा. जवसाची चटणी, तेल आणि भाकरी हे एकट्या माणसाचं पंधरा मिनिटांत होणारं जेवण आहे.
- सुटे पैसे आणि कापडी पिशवी जवळ ठेवा. छोट्या ढिगांवर फार घासाघीस करू नका.

समुद्री मासळी खाणाऱ्यांनी मन आधीच तयार ठेवावं. इथे मिळते ती धरणातली आणि तळ्यातली: रोहू, कटला, मरळ. कारंजाजवळचं अडाण किंवा वाशिमजवळचं एकबुर्जी अशा धरणांचा हा मुलूख आहे. सकाळी मासळी घ्या, डोळे आणि कल्ले तपासा आणि सुरमईची चव त्यात शोधू नका.

कोणत्या महिन्यात काय

हे वेळापत्रक भिंतीवर लावून ठेवलंत तरी चालेल.

- जून ते ऑगस्ट: तरोटा, काटवल, घोळ, अंबाडी या पावसाळी भाज्या. ऑगस्टमध्ये कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो. भाज्या ओळखायच्या असतील तर तिथे जा. रानातून स्वतःच्या अंदाजाने काही तोडून आणू नका.
- भाद्रपद: महालक्ष्म्यांचे दिवस. पुरणपोळी, आंबील, कढी आणि सोळा भाज्यांची भाजी. हे जेवण घरीच होतं आणि आमंत्रणानेच मिळतं.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर: सीताफळं आणि आंबिया बहाराची संत्री. संत्रं रंगावर जाऊन घेऊ नका. हातात जड लागणारं घ्या.
- डिसेंबर-जानेवारी: वर्षातला सर्वांत चांगला काळ. तुरीच्या शेंगा, सोल्यांची आमटी, पोपटीच्या शेंगा, हरभऱ्याचा घोळाणा, बोरं आणि तुराट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत.
- जानेवारी-फेब्रुवारी: हुरडा. सोयाबीन आल्यापासून ज्वारीचा पेरा घटला, त्यामुळे हुरडा आता ओळखीशिवाय मिळणं कठीण झालं आहे. ज्याच्या शेतात ज्वारी आहे असा सहकारी आतापासून हेरून ठेवा.
- फेब्रुवारी-मार्च: मृग बहाराची संत्री आणि शेतातले रोडगे. गव्हाच्या पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजतात, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. नवस फेडायला देवस्थानातही रोडगे होतात.
- एप्रिल-मे: अक्षय तृतीयेपासून आंब्याचा रस, सोबत सरगुंडे, शेवया किंवा कुरडया. उसाचा रस बर्फाशिवाय मागा.

पातोडीचा रस्सा, गोळाभात, मिरचीचा ठेचा, कढी आणि झुणका यांना हंगाम लागत नाही. ढाब्यावर पातोडी बहुधा मिळते. ज्वारीची भाकरी मात्र अनेक ठिकाणी आधी सांगितली तरच होते. जेवायला जाण्याआधी तासभर फोन करा.

सहा तालुके, निरनिराळी ताटं

सुट्टीच्या दिवशी जिल्हा फिरणार असाल तर खाण्याचा विचार असा करा:

- कारंजा: नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, त्यामुळे दत्तभक्तांची बारमाही ये-जा असते. देवस्थानात प्रसादाची सोय असते, वेळ आधी विचारून जा. जुनी व्यापारी पेठ आणि जैन वस्ती असल्याने शाकाहारी माणसाची इथे अडचण होत नाही.
- शिरपूर जैन, तालुका मालेगाव: अंतरिक्ष पार्श्वनाथाचं क्षेत्र. जैन भोजनशाळेत जेवण सूर्यास्ताआधी संपतं आणि कांदा, लसूण, बटाटा नसतो. संध्याकाळी सातला पोहोचून जेवण मागू नका.
- पोहरादेवी, तालुका मानोरा: बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान. रामनवमीला मोठी यात्रा भरते. तांड्यावर कोणी ‘बाटी’ खायला बोलावलं तर ती ज्वारीची भाकरी असते, राजस्थानी बाटी नव्हे. गूळ-गव्हाची लापशी भोगाला असते. सळोई हा बकऱ्याच्या रक्ताचा पदार्थ आहे. ज्यांना चालत नाही त्यांनी तोंड वाकडं न करता नम्रपणे नको म्हणावं.
- मंगरूळपीर: दर्ग्याचं गाव. बिर्याणी, कबाब आणि रमजानमधल्या संध्याकाळच्या खाण्यासाठी इथला सहकारी सोबत घ्या. याच तालुक्यातलं शेलुबाजार समृद्धी महामार्गाला जोडलेलं आहे. महामार्गावर चढण्याआधी इथेच खाऊन घेतलेलं बरं.
- रिसोड आणि वाशिम: बाजारपेठेची गावं. सकाळचा नाश्ता आणि मेस यांचे सर्वाधिक पर्याय इथे आहेत. रिसोड तालुक्यातल्या करडा इथे कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या ओळखीतून डाळ, हळद थेट शेतकऱ्याकडून घेता येते का, ते विचारा.

पंगतीचे नियम

भागवत सप्ताह झाला की काल्याचं कीर्तन आणि त्यानंतर महाप्रसाद, हे इथल्या गावोगावचं नेमाचं काम. गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला, म्हणजे माघ वद्य सप्तमीला, झुणका-भाकरी आणि अंबाडीची भाजी अनेक ठिकाणी असते. परगावचा माणूस म्हणून संकोच करू नका. महाप्रसादाला आमंत्रण लागत नाही.

- पंगतीत बसल्यावर सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबा.
- पानात टाकू नका. नको असेल तर वाढप्याला वेळेवर हात आडवा करा.
- प्रसादाचे पैसे विचारू नका. द्यायचे असतील तर दानपेटी असते.
- हात धुऊन निघून जाण्यापेक्षा पुढच्या पंगतीला वाढायला उभे राहा. एका दुपारीत गाव ओळखू लागतं.

घरगुती आमंत्रणाचं वेगळं. शेजाऱ्यांनी ‘जेवाले या’ म्हटलं तर ते बहुधा मनापासून असतं. दोनदा नाही म्हटलंत तर तिसऱ्यांदा कोणी बोलावणार नाही. तिखट, पथ्य, उपवास जे असेल ते आधी सांगा, ताटावर बसल्यावर नको.

तुमचे हक्क

नवीन गावात भांडण नको म्हणून लोक गप्प बसतात. भांडायची गरज नाही, नियम माहीत असले की पुरतं.

- नोंदणी: अन्न विकणाऱ्या प्रत्येकाला, घरगुती डबेवाल्यालाही, अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना लागतो. हा १४ अंकी क्रमांक असतो. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे.
- सुटी मिठाई: ट्रेवर ‘किती तारखेपर्यंत खावी’ हे लिहिणं १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचं आहे. पेढा-बर्फी घेताना विचारा.
- वर्तमानपत्रात बांधलेलं खाणं: २०१८ च्या नियमांनुसार यावर बंदी आहे. भजी-बोंडे स्टीलच्या डब्यात घ्या.
- सर्व्हिस चार्ज: बिलात आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तसे निर्देश दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले.
- जीएसटी: कंपोझिशन योजनेतला हॉटेलवाला ग्राहकाकडून वेगळा कर घेऊ शकत नाही. बिलावर कर लावला असेल तर जीएसटी क्रमांक बघा.
- छापील किंमत: दुकानात पाण्याच्या बाटलीला एमआरपीपेक्षा जास्त पैसे देऊ नका. हॉटेलात बसून मागवलेल्या बाटलीला मात्र डिसेंबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सूट आहे, म्हणून भाव आधी विचारा.
- नमुना तपासणी: भेसळीची शंका असेल तर शुल्क भरून पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. नमुना कायद्यात बसत नाही असं निघालं तर शुल्क परत मिळतं.

तक्रारीसाठी अन्न व औषध प्रशासनाचा क्रमांक १८००२२२३६५ आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिल, फोटो आणि तारीख जवळ ठेवा. प्रकरण पुढे गेलंच तर जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही आणि वकील केलाच पाहिजे असंही नाही.

या चुका टाळा

- पहिल्याच आठवड्यात रोज तर्री खाणं. पोटाला सवय होऊ द्या, सोबत ताक ठेवा.
- सील नसलेल्या थंड जारचं पाणी बाटलीबंद पाण्याइतकं सुरक्षित समजणं. खोलीवर पाणी उकळून घ्या.
- ‘सावजी’ची पाटी बघून ती इथली चव समजणं. सावजी नागपूरचं. चांगलं असेल तर जरूर खा, पण वऱ्हाडी रस्सा वेगळा.
- पोट बिघडल्यावर चार दिवस अंगावर काढणं. ओआरएस सुरू करा, ताप किंवा रक्त दिसलं तर थेट दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८.
- मोबाइलवरच्या ताऱ्यांवर भरवसा ठेवून मेस ठरवणं. त्याऐवजी कार्यालयातल्या शिपायाला विचारा.

शेवटी एवढंच

पंधरा दिवसांत मेस पक्की करा, महिन्याभरात बाजार ओळखा आणि बाकीचं खाणं हंगामावर सोडा. जुलैत रुजू झालात तर सोल्यांच्या आमटीला पाच महिने आहेत. तिची वाट बघा आणि हॉटेलात ती मागू नका. वाशिमहून पुढची बदली होईल तेव्हा एक काम न विसरता करा: तुमच्या जागी येणाऱ्याला चांगल्या मेसचा पत्ता, बाजाराचा वार आणि नाश्त्याची गाडी कागदावर लिहून द्या.